घंगाळात झेंडू, आंघोळ बादलीत!

हळदीच्या कार्यक्रमात हल्ली एक फ्रेम हमखास दिसते. स्टेजशेजारी पितळेचं मोठं घंगाळ, त्यात पाणी, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि तरंगत्या मेणबत्त्या. फोटोग्राफर त्याचे चार अँगलने क्लोजअप घेतो. आणि नवरीची हळदीची आंघोळ? ती मागच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या बादलीतून! ज्या भांड्याचं आंघोळीचं पाणी काढणं हेच मुळात काम, ते बसलंय पोझ देत. त्याचं काम करतेय बादली. ‘विंटेज डेकोर’बद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं या एका घंगाळात मावतं.

गैरसमज नको. लग्नात जुन्या वस्तू वापरायला माझा अजिबात विरोध नाही, उलट मी त्याची फॅन आहे. पण जुनं वापरायचं म्हणजे नुसतं दिसायला मांडायचं नाही, त्याला काम द्यायचं. आणि भाड्याने आणायच्या आधी ते आपल्याच घरात आहे का, हे विचारायचं.

मोशीत राहणाऱ्यांना हे जरा जास्तच लागू आहे. १९९७ मध्ये आपलं गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्यानंतर ज्वारी-बाजरीच्या रानात टॉवर उभे राहिले, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. जुनी घरं पाडताना दगड-माती गेलीच, पण पोटमाळ्यावरचं सामानही खाली आलं. हंडे, कळश्या, पराती, पाट, जातं, उखळ, पत्र्याच्या ट्रंका. टू बीएचकेला पोटमाळा नसतो. मग भंगारवाल्याला हाक. काट्यावर पितळ वेगळं, तांबं वेगळं, लोखंड वेगळं. नक्षीला भाव नाही, वजनाला आहे. ‘आजी, हे देऊ का?’ हा प्रश्न बहुतेक घरांत हंडा टेम्पोत चढल्यावर विचारला जातो.

आणि मग तशीच भांडी घासूनपुसून, लख्ख होऊन डेकोरेटरच्या कॅटलॉगमध्ये येतात. ‘रॉयल मराठा थीम’, ‘व्हिलेज थीम’. म्हणजे आपली परात आपण किलोवर विकायची आणि तसलीच परात दिवसाच्या भाड्यावर आणायची. धंदा म्हणून यात गैर काही नाही. एकदा वापरून टाकून देण्यापेक्षा भाड्याने घेणं कधीही चांगलं. पण निदान आपण काय विकतोय आणि काय विकत घेतोय, याचा हिशेब तरी लागावा!

आपल्याला शिकवायची गरज नाही

‘अपसायकलिंग’ हा शब्द आपण रील्सवरून शिकलो. पण आपल्या घरांत त्याला आधीच नावं होती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी हे काय आहे? नऊवारीचं आयुष्य संपलं की पाळण्यातल्या बाळाचं दुपटं, आणि ते विरलं की भांडी पुसायचं फडकं. वाया काही जात नव्हतं. हॅशटॅग मात्र नव्हता.

रुखवत हे तर घरगुती क्राफ्टचं आपलं हक्काचं प्रदर्शन. आज रुखवताचे रेडिमेड सेट मिळतात, सगळ्या लग्नांत तीच चकचकीत बैलगाडी आणि तीच छोटी विहीर. त्यापेक्षा दोन्हीकडच्या आज्यांच्या पाच-पाच वस्तू मांडून बघा. अडकित्ता, तेलाची बुधली, पानाचा डबा, रोळी, शेवेचा सोऱ्या. प्रत्येकीजवळ एक चिठ्ठी : हिचं नाव काय, ती कुणाची, तिचं काम काय. पाहुणे स्टेजसमोर सेल्फी काढतात, पण अशा टेबलासमोर ते थांबतील, गप्पा मारतील. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कधी गेला असाल तर मी काय म्हणतेय ते कळेल. वीस हजारांहून जास्त वस्तूंच्या त्या संग्रहात लोक रेंगाळतात ते दिवे आणि अडकित्त्यांसारख्या घरगुती वस्तूंपाशी. कारण ‘हे आमच्याकडे होतं’ हे वाक्य तिथेच तोंडातून निघतं.

कचरा कुठे जातो?

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. मग फोम, फायबर, एमडीएफ आणि प्लॅस्टिकची फुलं पुढे आली. ‘जुन्या वाड्याचा दरवाजा’ म्हणून उभा केलेला कटआऊट जवळ जाऊन वाजवून बघा, पोकळ आवाज येईल. तुटेपर्यंत तो चार-सहा लग्नं काढतो. नंतर? शहराचा कचरा डेपो मोशीत आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात वासच सांगतो. १ ऑगस्ट २०२३ ला इथल्या कचऱ्यापासून वीज बनवणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरायची त्याची योजना. चांगलंच आहे. पण एका संध्याकाळच्या खोट्या वाड्यासाठी त्या ढिगात आणखी भर कशाला?

आणखी एक गोष्ट. जुन्या वस्तूंना दुसरं आयुष्य देणारी खरी यंत्रणा आपल्या शेजारीच होती : चिखली-कुदळवाडीची भंगाराची गोदामं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं आणि शेड पाडली. बेकायदा बांधकामं, वारंवार लागणाऱ्या आगी, प्रदूषण, ही कारणं खोटी नव्हती. पण लाकूड, लोखंड, पितळ वेगळं करणारे हातही त्याबरोबर विखुरले. आपण एका बाटलीला सुतळी गुंडाळली तर ‘सस्टेनेबल’. ते रोज टनावारी माल परत वापरात आणतात तर ‘भंगारवाले’. यांना नीट, सुरक्षित जागा मिळणं हासुद्धा याच विषयाचा भाग आहे असं मला वाटतं.

करायचंच असेल तर नीट करू

माझा नियम एकच : वस्तू उद्या परत आपल्या मूळ कामाला लागली पाहिजे. समईला भोक पाडून वायर घातली की ती समई संपली. तीच समई वात-तेल घालून लावा, समईचं काम करू द्या. कंदिलात मात्र रॉकेलऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा, कारण मांडवात सगळीकडे कापड असतं. अख्खी पैठणी कापून कुशन कव्हर करणं मला पाप वाटतं. पण अंग फाटलंय आणि काठ-पदर शाबूत आहेत, तर खुशाल कापा, तोरण करा, फ्रेम करा. तडकलेलं जातं, फुटका पाट, मोडकी शिलाई मशीन, ही क्राफ्टची खरी गिऱ्हाइकं. मशीनच्या लोखंडी स्टँडवर फळी टाकली की टेबल तयार.

बॅकड्रॉपसाठी कापड विकत घ्यायचीही गरज नाही. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. पाइपवरून मधोमध दुमडून सोडली की नऊ फूट उंची मिळते. साडीचा पन्हा पावणेचार फूट धरला आणि चुण्या घातल्या, तर वीस फुटी स्टेजला दहा-अकरा साड्या पुरतात. आई, मावशी, आत्या, काकू, सगळ्यांकडून एकेक घ्या. न कापता, न चिकटवता. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीची साडी प्रत्येकीच्या कपाटात.

बाजारात जाणार असाल, म्हणजे पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात वगैरे, तर खिशात लोहचुंबक ठेवा. पितळ आणि तांब्याला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे. ‘अँटिक’ शब्दाला भुलू नका. १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू म्हणजे सर्वसाधारणपणे किमान शंभर वर्षं जुनी, आणि तिच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. लाकडातून बारीक भुसा गळत असेल तर आत कीड आहे, ती आपल्या फर्निचरलाही लागेल. तांब्याचं भांडं ठोकून नीट करायचं असेल तर कसबा पेठेतली तांबट आळी अजून आहे. ठोक्याठोक्याने उठणारं तिथलं मठारकाम बघितलं की मशीनची नक्षी फिकी वाटते.

आणि आपल्या पट्ट्याचं स्वतःचं विंटेज? तेही आहे की! भोसरी-चाकणच्या कंपन्यांत मशिनरी येते ती लाकडी पॅलेटवर. त्याचे टेबल, शेल्फ मस्त होतात. फक्त त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात नको. फोटो बूथला भाड्याची परदेशी स्कूटर आणण्यापेक्षा वडिलांची किंवा काकांची चेतक पुसून उभी करा. १९७२ मध्ये आलेली, इथेच आकुर्डीत बनलेली. तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितल्याचे किस्से ऐकायला मिळतील ते वेगळेच.

ज्यांच्या घरी काहीच नाही त्यांचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. लातूर, बीड, बुलढाण्याहून एक बॅग घेऊन चाकणला कामाला आलेल्या माझ्या वयाच्या मुलामुलींच्या भाड्याच्या खोलीत घंगाळ कुठून येणार? त्यांना ‘घरात शोधा’ म्हणणं सोपं आहे.

पण याचंही उत्तर त्या जुन्या भांड्यांवरच लिहिलेलं आहे. खरोखर लिहिलेलं! आजीच्या काळातल्या हंड्या-परातीच्या काठावर नाव कोरलेलं असतं. कधी माहेरचं, कधी सासऱ्यांचं, कधी गावाचंही. कारण ती भांडी एका घरात बसून राहायची नाहीत. वाडीत कुणाचंही लग्न निघालं की चार घरची भांडी त्या मांडवात जायची आणि कार्य उरकलं की नाव बघून आपापल्या घरी परतायची. भाडं नव्हतं, कॅटलॉग नव्हता. भंगाराच्या काट्यावर मात्र ते नाव कुणी वाचत नाही.

हे आज जमणार नाही असं मला वाटत नाही. प्रत्येक सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पार्किंगच्या भांडणांतून वेळ काढून त्यावर एक यादी करता येईल : कुणाकडे चौरंग आहे, कुणाकडे दोन समया, कुणाकडे जातं, कुणाकडे घंगाळ. सोसायटीतल्या लग्नाला आणि शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलीच्याही लग्नाला ते न्यायचं. जात्यावर खरंच हळद दळायची, पाटावर खरंच बसायचं, घंगाळातल्या पाण्याने खरंच आंघोळ घालायची. आणि परत देताना चिंच-मीठ लावून लख्ख घासून द्यायचं, म्हणजे पुढच्या लग्नालाही ते मिळेल.