बायपासनंतरची धाप : आधी निदान, मग मात्रा

शहागड हे गोदाकाठचे, सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेमुळे (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) शेतकरी-शेतमजूरही मोठ्या शहरात बायपास करवून गावी परततात आणि धाप लागली की प्रथम वैद्याच्याच दारी येतात. अशा वेळी 'तमक श्वास' म्हणून श्वासकुठाराची पुडी बांधणे ही रुग्णाची प्रतारणा होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शस्त्रक्रियेत रक्त हृदय-फुफ्फुस यंत्रातून फिरविले असता शरीरभर दाह उत्पन्न होतो व क्वचित फुफ्फुसांच्या वायुकोशांत द्रव पाझरतो. याचे तीव्र रूप म्हणजे एआरडीएस. २०१२ च्या बर्लिन व्याख्येनुसार ते आघातापासून सप्ताहाच्या आत प्रकटते. दोन्ही फुफ्फुसांत छाया दिसते आणि प्राणवायूच्या न्यूनतेचा उलगडा केवळ हृदयदौर्बल्याने होत नाही. त्यावर व्हेंटिलेटरने अल्प मात्रेत श्वास देतात. २००० सालच्या अमेरिकी अभ्यासात अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर श्वास दिल्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० वरून ३१ टक्क्यांवर आले. हे कार्य अतिदक्षता विभागाचेच.

घरी परतलेल्याच्या धापेस बहुधा अन्य कारणे असतात : डाव्या फुफ्फुसावरणातील पाणी, न्यूमोनिया, हृदयदौर्बल्य, पायातून फुफ्फुसात गेलेली रक्ताची गुठळी, क्वचित अमिओडॅरोनचा दुष्परिणाम. म्हणून नाडीसोबत श्वसनसंख्या, ऑक्सिमीटर, ज्वर, पोटरीची सूज व छातीची जखम पाहावीच. धाप नवी वा वाढती असेल, अथवा प्राणवायू ९४ टक्क्यांखाली असेल, तर डिस्चार्ज कार्डासह त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

औषधविक्रेत्यांसही विनंती. श्वासकुठारात बचनाग असतो; त्याने हृदयाची लय बिघडू शकते. सोमलता नाडीची गती व रक्तदाब वाढविते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे चालू असता हा धोका वाढतो. छातीवर टाक्यांचा व्रण असलेल्यास यांपैकी काहीही वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये.

गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माचा अधिकार चरकाचार्यांनी धन्वंतरी संप्रदायाकडे सोपविला. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही; मग आम्हांस का वाटावा? प्रकृती स्थिरावल्यावर शल्यचिकित्सकाच्या संमतीने पथ्य, अग्निरक्षण व सौम्य श्वसनाभ्यास यांचे क्षेत्र आपलेच आहे. मात्र तेथवर रुग्ण जिवंत पोहोचला पाहिजे.