खानदेशच्या आकाशातील लहान इंजिन

धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवरून, शिरपूरहून किंवा जळगाव विमानतळावरून प्रशिक्षण विमान उडाले, तर शेतात निंदणी करणारी माणसेही आता मान वर करून पाहत नाहीत, इतका तो आवाज परिचयाचा झाला आहे. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगावबरोबर जळगावही होते. कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव ह्यांनी बांधलेल्या विमानाची उड्डाण-चाचणीही ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्यातच झाली. विमानाकडे आपण कौतुकाने पाहतो. परंतु त्याच्या नाकाशी बसवलेल्या इंजिनाचा विचार सहसा करीत नाही. आजच्या जगातील एक गंभीर प्रश्न मात्र त्याच इंजिनाशी निगडित आहे.

हे इंजिन समजण्यास कठीण नाही. मोटारसायकलच्या सिलिंडरभोवती धातूचे पातळ कंगोरे असतात. त्यांच्यामुळे उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग वाढतो आणि वाहता वारा इंजिनाला थंड ठेवतो. सेसना १७२ ह्या प्रशिक्षण विमानाचे लायकमिंग इंजिनही ह्याच पद्धतीचे असते. पाणी, रेडिएटर, नळ्या ह्यांचे ओझे नसल्यामुळे ते हलके राहते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. एक निकामी झाला तरी दुसरा ठिणगी देत राहतो. मे महिन्यात खानदेशचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा तापलेली हवा विरळ होते, इंजिनाची शक्ती घटते आणि ते थंड राखणेही अवघड जाते. म्हणून अशा दिवसांत पहाटेचे उड्डाण अधिक हितावह ठरते.

परंतु हेच इंजिन दोन धन्यांची चाकरी करीत आले आहे. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील डी हॅविलंड कंपनीच्या टायगर मॉथ विमानावर असंख्य तरुण उड्डाण शिकले. त्याचे ‘जिप्सी मेजर’ हे हवेने थंड होणारे, सुमारे १३० अश्वशक्तीचे इंजिन होते. १९३५ मध्ये त्याच घराण्यातील ‘क्वीन बी’ हे वैमानिकाविना, रेडिओने चालणारे विमान आले. तोफखान्याने त्यावर नेम धरून सराव करायचा, एवढेच त्याचे प्रयोजन. ‘ड्रोन’ हा शब्द ह्या ‘राणी माशी’वरूनच रूढ झाला, असे मानले जाते. एकच इंजिन एकीकडे शिष्य घडवीत होते आणि दुसरीकडे स्वतः गोळ्या झेलीत होते. तरीही त्यात कोणाचा जीव जात नव्हता.

आज चित्र पालटले आहे. जर्मनीच्या लिंबाख कंपनीने हलक्या आणि मानवरहित विमानांसाठी सुमारे ५० अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे लहान इंजिन बनवले. त्याचीच इराणी नक्कल ‘शाहेद-१३६’ ह्या आत्मघाती ड्रोनमध्ये बसवण्यात आली आणि २०२२ च्या शरद ऋतूपासून ती ड्रोन युक्रेनच्या शहरांवर कोसळू लागली. मोपेडसारखा घरघराट ऐकला की तेथील माता मुलांना घेऊन तळघर गाठतात. १४ जून २०२४ रोजी इटलीतील जी-७ परिषदेत दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी, माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कोणत्याही यंत्राकडे असता कामा नये, असे बजावले होते, ते ह्याच काळात.

मग इंजिन बनवणाऱ्याची जबाबदारी कोणती? ऑक्टोबर २०२० मध्ये, नागोर्नो-काराबाखच्या युद्धात तुर्की ड्रोनमध्ये रोटॅक्स इंजिने असल्याचे उघड झाल्यावर, त्या ऑस्ट्रियन इंजिनांची मालक असलेल्या कॅनडाच्या बीआरपी कंपनीने, वापर अस्पष्ट असलेल्या देशांना विमान-इंजिने पाठवणे स्थगित केले. लिंबाखची नक्कल पाहता उत्पादकाचा लगाम तोकडा पडतो, हे खरे. तरीही ज्याच्या हाती निर्मिती असते, त्याला निदान ‘नाही’ म्हणता येते. केवळ विकत घेणाऱ्याला इतरांच्या होकार-नकारावर विसंबून राहावे लागते.

भारताची स्थिती बरीचशी अशीच आहे. १९५८ मध्ये उडालेल्या ‘पुष्पक’ला अमेरिकन कॉन्टिनेन्टल इंजिन होते, २०२१ मध्ये उडालेल्या ‘हंसा-एनजी’ला रोटॅक्स आहे. प्रयत्न झालेच नाहीत, असे नव्हे. आपल्या शेजारच्या अहिल्यानगरातील व्हीआरडीई ह्या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळूरच्या संस्थांसमवेत ‘निशांत’ ह्या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वान्केल इंजिन घडवले. पिस्टनऐवजी फिरता भाग असलेले ते इंजिन २००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथे उडाले. इंधनाबाबतही पाऊल पुढे पडले: पूर्वी आयात होणारे १०० एलएल हे विमान-पेट्रोल इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशात सादर केले. इंजिनाची मजल मात्र अद्याप लांब आहे. कारण तेथे एका सुट्या भागाची चूकही जिवावर बेतते.

ही किंमत खानदेशाने पाहिली आहे. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ, सातपुड्याच्या परिसरात, एक प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक दगावले, शिकाऊ तरुणी गंभीर जखमी झाली. वाट चिखलाची, स्ट्रेचर नाही. तेव्हा एका आदिवासी भगिनीने अंगावरचे लुगडे सोडून त्याची झोळी करायला दिली आणि गावकऱ्यांनी त्या मुलीला वाहून नेले. विमानाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यांनीच प्रथम जबाबदारी उचलली.

आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबे कर्ज काढून मुलामुलींना वैमानिक करू पाहत आहेत. त्यांनी शुल्काबरोबरच विमानांच्या देखभालीचीही चौकशी अवश्य करावी. आयटीआय आणि तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या तरुणांनी इंजिन-देखभालीचे व निर्मितीचे क्षेत्र दुय्यम मानू नये. आणि उद्या असे इंजिन आपल्या भागात घडलेच, तर ते कोणत्या यंत्रात बसणार आहे, हे विचारण्याचे धैर्य ते घडवणाऱ्यांनी ठेवावे.