माउथ ऑर्गन: स्वस्त चालेल, गळका नको

‘दोस्ती’ हा चित्रपट १९६४ सालचा. त्यात माउथ ऑर्गनचे जे सूर ऐकू येतात ते राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेले आहेत. पुढे १९७५ मध्ये ‘शोले’तील जय ओसरीवर एकटाच बसून जी धून वाजवतो, ती भानू गुप्ता यांची. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीने हे सूर ऐन उमेदीच्या वर्षांत ऐकले. त्यामुळे निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला की पुष्कळांना हे वाद्य आठवते. पेटी उचलवत नाही, बासरीला बोटे वळत नाहीत, आणि हे मात्र सदऱ्याच्या खिशात मावते. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसालाही ते दोन तळव्यांत धरता येते, हा त्याचा मोठाच गुण आहे.

दवाखान्यात याविषयीची विचारणा दोन बाजूंनी होते. वडीलधारे विचारतात, ‘या वयात जमेल का?’ आणि त्यांची सून किंवा मुलगी हळूच विचारते, ‘बाबांना दमा आहे, चालेल का?’ दोहोंचे उत्तर बऱ्याच अंशी कोणता माउथ ऑर्गन विकत घेतला जातो यावर अवलंबून असते, हे सांगितले की मंडळींना नवल वाटते.

बहुतेक फुंकवाद्ये केवळ उच्छ्वासावर वाजतात. माउथ ऑर्गन मात्र फुंकर घातली तरी वाजतो आणि श्वास आत ओढला तरी वाजतो. श्वासरोगाच्या रुग्णांना आम्ही ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवतो. त्याने श्वासनलिका अकाली मिटत नाहीत आणि छातीत अडकलेली हवा बाहेर पडते. हा व्यायाम कंटाळवाणा असल्यामुळे चार दिवसांत सुटतो. वाद्यावर तीच क्रिया सुराच्या मिषाने घडते. अमेरिकेतील सीओपीडी फाउंडेशन ही संस्था अशा रुग्णांसाठी माउथ ऑर्गनवादनाचा एक उपक्रम चालवते. या विषयावरील अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तेव्हा फुप्फुसे नवी होतील अशी आशा कोणी धरू नये, आणि औषधाचा पंप तर मुळीच बंद करू नये. मन रमते आणि श्वासाकडे लक्ष जाते, एवढा लाभही माझ्या मते थोडा नाही.

आता खरेदीकडे वळू. माझे एक रुग्ण, पंचाहत्तरीचे, पत्नीच्या पश्चात एकटे राहणारे. मुलाने त्यांना जत्रेतून माउथ ऑर्गन आणून दिला. दहा दिवसांनी ते आले ते छातीचा फोटो काढा म्हणत. ‘डॉक्टर, एक सूरसुद्धा पुरत नाही, माझा दम संपला,’ असे त्यांचे म्हणणे होते. छाती तपासली, ऑक्सिजन पाहिला, जिना चढायला लावले. सारे त्यांच्या वयाला साजेसे होते. दुसऱ्या दिवशी ते वाद्य घेऊन आले. पत्र्याची झाकणे खिळ्यांनी ठोकलेली आणि बाजूने बोटाच्या नखाएवढी फट. त्यांनी फुंकलेली निम्मी हवा सुराला न शिवताच निघून जात होती. वाद्यांच्या दुकानातून साधाच, पण नीट जुळणीचा दुसरा आणला, तेव्हा त्याच फुप्फुसांतून सूर निघाला.

माउथ ऑर्गनच्या आत पितळी पत्त्या असतात, पेटीतल्या सुरांसारख्याच, फक्त चिमुकल्या. प्रत्येक पत्ती आपल्या खाचेत केसभर फटीने हलते. खाच रुंद असली किंवा मधला सांगाडा पत्त्या बसवलेल्या पट्ट्यांशी घट्ट बसलेला नसला, की हवा गळते. मग नवशिका जोराने फुंकतो. जोराने फुंकल्यावर पत्ती अडते, सूर उतरतो, आणि दोष मात्र स्वतःच्या छातीला दिला जातो. तरुण मुलगा अशा वेळी वाद्य भिरकावून देईल. वृद्ध माणूस मुकाट्याने ते कपाटात ठेवतो आणि आपले आता संपत आले अशी मनाशी खूणगाठ बांधतो. म्हणून खेळण्यांच्या दुकानातला शे-दोनशेचा माउथ ऑर्गन मला महाग वाटतो. वाद्यांच्या दुकानात हजार रुपयांच्या आसपास कामाला येईल असा मिळू शकतो. सुरुवातीला त्याहून अधिक खर्च करण्याचे कारण नाही. जर्मनीतील होनर कंपनी १८५७ पासून माउथ ऑर्गन बनवत आली आहे आणि तिची वरच्या श्रेणीची वाद्ये उत्तमच असतात, परंतु ती हौस सहा महिन्यांनी, सवय टिकली तर करावी.

घेताना झाकणे स्क्रूने बसवलेली आहेत का, कडांवरून बोट फिरवल्यास खरखर लागते का, सांगाडा प्लॅस्टिकचा आहे का, एवढे पाहावे. लाकडी सांगाडा लाळेने फुगतो आणि ओठांना बोचतो. दुकानात तोंडाला लावून पाहू नये; आपल्याआधी कोणी लावला असेल ते सांगता येत नाही. दुकानदाराकडे छोटा भाता असल्यास त्याने प्रत्येक घर वाजवून घ्यावे. उघडलेले वाद्य बहुधा परत घेत नाहीत, म्हणून मुके घर निघाल्यास बदलून मिळेल का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. घरी आल्यावर चहा निववण्यासाठी घालतो तेवढ्याच हलक्या फुंकरीने प्रत्येक घर वाजवावे, मग तितक्याच हलकेपणाने श्वास ओढून पाहावे. एखाद्या घराला जोर लागत असेल तर दोष वाद्याचा समजावा.

आपल्याकडे २४ घरांचा, लहरता माउथ ऑर्गन फार दिसतो. त्यात एका सुरासाठी किंचित वेगळ्या लावलेल्या दोन पत्त्या एकदम वाजतात आणि आवाजाला गोड कंप येतो. कान सुखावतात, पण दोन पत्त्यांना हवाही अधिक लागते. श्वास बेताचा असेल त्यांनी १० घरांचा घ्यावा. बाजूला कळ असलेल्या क्रोमॅटिक प्रकारात बाराही स्वर मिळतात, पण त्याची किंमत कितीतरी पट असते आणि नवशिक्याला त्यात गुंतागुंतच वाटते. वाद्यावर ‘सी’ हे अक्षर असलेला निवडावा, म्हणजे पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या जशाच्या तशा हाती येतात.

१० घरांच्या वाद्यात सा चौथ्या घरात फुंकून मिळतो, रे त्याच घरात ओढून. पाचव्यात ग आणि म, सहाव्यात प आणि ध, याच क्रमाने. सातव्या घरात मात्र क्रम उलटतो: नी ओढून येतो आणि वरचा सा फुंकून. इथे सगळेच अडखळतात. पहिल्या तीन घरांत म आणि ध नाहीत. तिथे ते शोधत बसू नये.

‘यात कोमल स्वर नाहीत, मग भैरवी कशी वाजवायची?’ असे एका जाणकार आजींनी मला विचारले होते. उत्तर सोपे आहे. पाचव्या घरातल्या ग लाच सा मानून आठव्या घराच्या फुंकरीपर्यंत चढत जावे. सर्व स्वर तेच, पण थाट भैरवीचा होतो. चौथ्या घरातल्या रे पासून निघाल्यास काफी मिळतो. आपल्या संगीतातली मूर्च्छनेची ही जुनी युक्ती हजार रुपयांच्या वाद्यातही चालते, याचा मला दरवेळी आनंद होतो.

वाजवण्याआधी काही गोष्टी मात्र डॉक्टरांशी बोलून घ्याव्यात. मोतीबिंदू, हर्निया किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यास, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास, थुंकीतून रक्त पडत असल्यास किंवा पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठल्याचा इतिहास असल्यास परवानगीशिवाय सुरू करू नये. काचबिंदूच्या रुग्णांनीही विचारावे. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे पुरेत, तीही पाठ टेकून खुर्चीत बसून. दोन-चार सूर झाले की वाद्य खाली घेऊन नेहमीसारखा श्वास घ्यावा. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि गरगरते. गरगरल्यास थांबावे, उठून उभे राहू नये. कवळी असल्यास ती घट्ट बसणारी हवी. काही औषधांनी तोंड कोरडे पडते, अशांनी वाजवण्यापूर्वी घोटभर पाणी प्यावे.

वाद्यातून श्वास आत ओढला जातो, म्हणून त्यातली घाण थेट छातीत जाऊ शकते. वाजवण्यापूर्वी चूळ भरावी. तोंडात सुपारी किंवा तंबाखू असताना तर वाजवूच नये. वाजवून झाल्यावर घरे खाली करून तळहातावर हलकेच आपटावे, लाळ झटकावी, बाहेरून पुसावे आणि वाद्य पूर्ण सुकल्यावरच डबीत ठेवावे. सर्दी-खोकला झाला असेल तेवढे दिवस ते बंद ठेवावे. नातवाने हट्ट धरला तरी आजोबांचा माउथ ऑर्गन त्याच्या तोंडाला देऊ नये, आणि त्याचा आजोबांच्याही नको. त्याला वेगळा आणून द्यावा. त्याचा दम अजून दांडगा आहे, खेळण्यांच्या दुकानातला चालेल.