उष्ट्या नासपतीचा न्याय

गोल्फच्या नियमांची टिंगल करायला फारशी प्रतिभा लागत नाही. नियमपुस्तक उघडलं की काम झालं. या खेळाच्या अधिकृत निर्णयसंग्रहात कित्येक वर्षं एक प्रश्न छापलेला होता. चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पडला आहे. त्याच्या अगदी पुढ्यात कुणीतरी अर्धवट खाऊन टाकलेली नासपती आहे. आसपास नासपतीचं झाड नाही. ती उचलून बाजूला टाकता येईल का? उत्तर होतं : नाही. नासपती ही निसर्गातली वस्तू, आणि बंकरमधल्या सुट्या नैसर्गिक वस्तूंना तेव्हा हात लावायची मुभा नव्हती. ती कुणी उष्टावली आहे आणि झाड जवळ नाही, एवढ्याने तिचं नैसर्गिकपण जात नाही.

असलं काही वाचलं की टीकाकार आधी पोटभर हसतात आणि मग तीन आक्षेप घेतात. पहिला : हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा शब्दच्छल आहे, मूळ खेळाचं तेरा नियमांत भागत होतं, पुढच्यांनी घटपटाची खटपट वाढवली. दुसरा : खेळाचे नियम मुळातच मनमानी असतात; त्यांत तत्त्व शोधणं म्हणजे पाणी घुसळून लोणी काढणं. तिसरा : हे नियम खेळाडूच्या मनात काय होतं ते विचारतात, आणि मनात कुणाला डोकावता येत नाही, म्हणून ते कुचकामी. माझ्या मते तिन्ही आक्षेप टिकत नाहीत. गोल्फने स्वतःवर एक अवघड अट घालून घेतली आहे आणि ही सगळी गमतीदार कोडी त्या अटीतून आपोआप निघतात.

पहिला आक्षेप आधी घेऊ, कारण तो इतिहासाच्या नावाने केला जातो. 1744 साली एडिंबराच्या नगरपालिकेने स्पर्धेसाठी चांदीचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, दिला आणि लीथच्या माळावर खेळणाऱ्या मंडळींनी तेरा नियम लिहून काढले. आज उपलब्ध असलेले गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम तेच. ‘साधे नियम’ म्हणून त्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी ते एकदा वाचावेत. चेंडू खेळता यावा म्हणून दगड, हाडं किंवा क्लब मोडेल अशी कोणतीही वस्तू हलवायची नाही. अपवाद फक्त साफ हिरवळीचा, आणि तिथेही चेंडूपासून एका क्लबाच्या अंतरापर्यंतच. शेवटच्या नियमात माळाच्या रक्षणासाठी खणलेले चर, ‘विद्यार्थ्यांची भोकं’ आणि ‘सैनिकांच्या रांगा’ यांना अडथळा मानायचं नाही, तिथून चेंडू काढून घ्यायचा, असं सांगितलं आहे. म्हणजे निसर्गाने केलेलं कुठे संपतं आणि माणसाने केलेलं कुठे सुरू होतं, हा प्रश्न पहिल्याच कागदावर हजर आहे. उष्ट्या नासपतीचं कूळ थेट लीथच्या हाडांपर्यंत जातं.

हा प्रश्न इतर खेळांना छळत नाही, कारण ते आपली जमीन आधी बनवून घेतात. क्रिकेटची बावीस यार्डांची खेळपट्टी रोलर फिरवून तयार होते, टेनिसचं कोर्ट आखलं जातं, बुद्धिबळाला तर माती लागतच नाही. गोल्फमध्ये सव्वाचार इंच व्यासाचं भोक माणसाने पाडलेलं असतं; त्याच्या अलीकडे ओढे, मुंग्यांची वारुळं, गळलेली पानं, बर्फ, खडी, ससे, सगळं जग पसरलेलं. आणि अट अशी की चेंडू जसा पडला असेल तसाच खेळायचा. जग जसं आहे तसं खेळायचं म्हटलं की जगात काय काय आहे याची यादी करावी लागते, आणि यादी करायला बसलेला माणूस तत्त्वज्ञ झाल्याशिवाय राहत नाही.

ती यादी आज कशी आहे पाहा. झाडापासून सुटलेलं लाकूड हा ‘सुटा नैसर्गिक अडथळा’. तेच चिरून त्याला पाय बसवले की बाक होतो, आणि बाक म्हणजे कृत्रिम अडथळा. खडीचा प्रत्येक खडा नैसर्गिक आणि उचलून टाकण्याजोगा. पण खडी पसरून केलेला रस्ता मात्र कृत्रिम. कोळ्याचं जाळं झाडाला चिकटलेलं असलं तरी ते ‘सुटं’. दव सुटा अडथळा नव्हे. बर्फाला मात्र सुटा अडथळा मानावं की साचलेलं पाणी, हे खेळाडूने ठरवावं. थुंकीलाही हीच दुहेरी सवलत आहे. चेंडूवर बसलेला जिवंत किडा कितीही निश्चल असला तरी तो चेंडूला ‘चिकटलेला’ आहे असं कधीच धरायचं नाही.

टीकाकार म्हणतात, बघा, विसंगती! मी म्हणतो, नीट बघा. खड्यांपासून रस्ता नेमका कितव्या खड्याला होतो, या कोड्यात ग्रीक तत्त्वज्ञ वाळूचा ढीग घेऊन अडकले होते. गोल्फ त्यात अडकत नाही. खडा उचलायचा असेल तेव्हा तो खडा; रस्त्यावरून चेंडू बाजूला घ्यायची सवलत हवी असेल तेव्हा तो रस्ता. एकाच वस्तूला दोन प्रश्न विचारले आणि दोन उत्तरं मिळाली, तर त्याला विसंगती म्हणत नाहीत. लक्षण बांधताना अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोष टाळायचे असतात, हे आपल्या नैयायिकांनी पूर्वीच सांगितलं. कोळ्याच्या जाळ्याला सुटं म्हणणं शब्दकोशाला पटणार नाही, पण तसं म्हटलं नाही तर किड्यांनी केलेल्या पसाऱ्यातलं वारूळ झाडून टाकता येईल आणि जाळं येणार नाही. नियमकर्त्यांनी व्याख्या वाकवली ती अव्याप्ती टाळण्यासाठी.

याचं सर्वांत वजनदार उदाहरण 1999 च्या फीनिक्स ओपनमधलं. शेवटच्या फेरीत, तेराव्या होलला, टायगर वुड्सचा चेंडू वाळवंटात एका खडकामागे जाऊन पडला. खडक साधारण अर्ध्या टनाचा. पंच ऑर्लँडो पोप यांनी तो जमिनीत रुतलेला नाही, नुसता वर टेकलेला आहे, एवढं पाहिलं आणि तो सुटा अडथळा ठरवला. मग प्रेक्षकांतल्या डझनभर बाप्यांनी खांदे लावून तो लोटला आणि वुड्सने त्या होलवर बर्डी मारली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतला. एकट्या माणसाला हलत नाही तो खडक सुटा कसा, असं लोक आजही तावातावाने विचारतात. विचारावं, पण मग वजनाची मर्यादा सांगावी. दहा किलो? मग मैदानावर काटा न्यावा लागेल. एकट्याला हलेल इतकं? मग धिप्पाड खेळाडूला एक नियम आणि किरकोळ खेळाडूला दुसरा. ‘रुतलेला आहे की नाही’ ही कसोटी वरवर हास्यास्पद वाटते, पण पोप तसाच निर्णय कसल्याही बांध्याच्या खेळाडूला देऊ शकले असते. समान न्यायासाठी एवढं हसं सोसायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप घेणारा साधासुधा माणूस नव्हता, न्यायमूर्ती होता. केसी मार्टिन या व्यावसायिक गोल्फरला उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार होता. स्पर्धेत गाडीतून फिरू द्या, अशी त्याची मागणी. चालणं हा खेळाचा भाग आहे, असं स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरचं म्हणणं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2001 साली सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिन जिंकला. न्या. स्टीव्हन्स यांनी बहुमताच्या वतीने लिहिलं की खेळाचा गाभा फटके मारण्यात आहे, चालण्यात नाही. न्या. स्कॅलिया यांनी विरोधी मतात त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. खेळाला करमणुकीपलीकडे हेतू नसतो, म्हणून त्याचे सगळे नियम मनमानी असतात आणि त्यांतला अमुकच आवश्यक आहे असं म्हणता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद.

या युक्तिवादाचं खंडन बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 1978 सालीच ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात करून ठेवलं होतं. चेंडू भोकात घालायचा एवढाच उद्देश असेल, तर तो हातात नेऊन टाकणं सर्वांत सोपं. ती सोपी वाट सोडून आपण होऊन अवघड वाट धरणं म्हणजे खेळ. आता भोक सव्वाचार इंचांचंच का, याला कारण नाही. तिथे स्कॅलिया बरोबर आहेत. पण एकदा अवघड वाट कोणती हे ठरलं, की त्यापुढचे नियम त्या वाटेशी जुळतात की नाहीत हे तपासता येतं. अख्खा खेळ ऐच्छिक आहे म्हणून त्यातलं प्रत्येक कलम सारखंच लहरी, हे अनुमान घसरतं. चेंडूजवळ विषारी साप असेल तर दंडाशिवाय सुरक्षित जागी चेंडू टाकता येतो; चेंडू निवडुंगात असेल तर ती सवलत नाही. वरवर मनमानी दिसते. पण निवडुंग जागेवरच होता, फटका मारण्यापूर्वी दिसत होता, त्यात चेंडू घालणारे तुम्ही. साप आपल्या पायांनी नसला तरी आपल्या मर्जीने आला. खेळाने कौशल्याची परीक्षा घ्यायची ठरवली आहे, सर्पदंश सोसण्याची नाही. असं कारण सांगता येतं, याचाच अर्थ नियम लहरी नाही.

तिसरा आक्षेप मनाचा. क्लब खाली येत असताना खेळाडूने विचार बदलला आणि मुद्दाम चेंडू चुकवला, तर तो फटका धरत नाहीत. मारायला गेला आणि चुकला, तर धरतात. दोन्ही वेळा क्लब हवेत तसाच फिरतो. कॅमेऱ्याला फरक दिसणार नाही. 2019 च्या मास्टर्समध्ये झॅक जॉन्सन हा खेळाडू ऑगस्टाच्या मैदानात तेराव्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, सरावाचा क्लब फिरवत होता. क्लबाचं टोक चेंडूला लागलं आणि चेंडू टी-मार्करवर आपटून बाजूला उडाला. मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून दंड नाही. चेंडू पुन्हा टीवर ठेवून खेळ सुरू. नुसत्या हालचालीवर निर्णय द्यायचा तर हा अपघातही फटका मोजावा लागेल, आणि ते अन्याय्य आहे हे टीकाकारालाही कळतं. फौजदारी कायदाही हेतू विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

लबाडी करता येईल, हे खरं. पण गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच जवळ नसतोच. खेळाडूवर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नाही. 1925 च्या यूएस ओपनमध्ये आपला चेंडू किंचित हलल्याचं बॉबी जोन्सने स्वतः सांगितलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. त्याने एक फटका दंड घेतला, विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला.

शिवाय विश्वास कुठवर टाकायचा हेही नियम जाणतात. रिचमंड गोल्फ क्लबने 1940 साली, लंडनवर जर्मन बॉम्ब पडत असताना, तात्पुरते नियम काढले. शत्रूच्या कारवाईने चेंडू हलला किंवा नष्ट झाला, तर दंड नाही. मात्र फटका मारताना त्याच क्षणी बॉम्ब फुटून फटका बिघडला, तर पुन्हा मारता येईल, पण एक फटका दंड. याच्यावर जग हसलं. मला यात पक्कं तर्कशास्त्र दिसतं : उडालेल्या चेंडूचा पुरावा जमिनीवर असतो, आपण बॉम्बने दचकलो की मुळातच वाईट मारलं, हे फक्त मारणारा जाणतो. दंड नसता तर त्या वर्षी लंडनमधला प्रत्येक फसलेला फटका हिटलरच्या खात्यावर गेला असता.

आता विरोधकांच्या पदरात त्यांचं माप टाकू. क्रेग स्टॅडलरने 1987 साली सॅन डिएगोत, झाडाखालचा चेंडू गुडघे टेकून मारताना, पँट खराब होऊ नये म्हणून खाली टॉवेल अंथरला. टीव्ही पाहणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी कळवलं, तो ‘उभं राहायची जागा बांधणं’ ठरला, आणि दंड न मिळवता गुणपत्रिकेवर सही झालेली असल्याने स्टॅडलर स्पर्धेतूनच बाद झाला. इथे नियम आपला हेतू विसरला होता. पण विसरलेलं आठवण्याची सोयही याच व्यवस्थेत आहे. दंड लागला हे ठाऊकच नसताना सही केली, तर आज खेळाडू बाद होत नाही. राहिलेले फटके मिळवले जातात. 2019 च्या मोठ्या फेररचनेत नियम चौतिसाचे चोवीस झाले, हरवलेला चेंडू शोधायची मुदत पाचाची तीन मिनिटं झाली, आणि बंकरमधले सुटे अडथळे हलवायची परवानगी मिळाली. नासपती नैसर्गिकच राहिली. तिला तिथे ठेवण्याचं कारण मात्र कुणाला देता येईना, म्हणून ती उचलायला मोकळीक दिली.

नियम चांगला की वाईट, हे त्यावर हसू येतं की नाही यावरून ठरवू नये. त्याचं कारण सांगता येतं का, ते कारण सगळ्यांना सारखं लागू पडतं का, आणि कारण उरलं नाही की नियम बदलला जातो का, एवढं पाहावं. या तीन कसोट्यांवर गोल्फचं पुस्तक अनेक गंभीर संहितांपेक्षा सरस उतरतं. ज्या कायद्यांवर हसायची कुणाची हिंमत होत नाही, त्यांना हे तीन प्रश्न विचारून पाहावेत.