कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका



कारखान्यात, बांधकामावर अथवा गटारात घरचा कर्ता माणूस दगावला, की त्या रात्री घरी कोण येतो? मुकादम येतो. त्याच्या हातात पन्नास हजारांचे पाकीट असते आणि खिशात एक कागद. “साहेबांनी माणुसकी म्हणून दिले आहेत, येथे अंगठा करा,” असे तो म्हणतो. विधवेला त्या वेळी कागदावरचे काहीही दिसत नसते. या व्यवहाराला माणुसकी म्हणणे हा माणुसकीचा उपहास आहे. ही भरपाईची चोरी आहे!

नुकसानभरपाई हे दान नव्हे. 1923 च्या कायद्याने तो कामगाराचा हक्क ठरविला आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायम राखला. हिशेब तुम्हीच करून पाहा. मृताचे वय 30 आणि मासिक वेतन 12,000 रुपये असेल, तर निम्म्या वेतनाला, म्हणजे 6,000 ला, परिशिष्टातील 207.98 या आकड्याने गुणावयाचे. रक्कम होते 12,47,880 रुपये. मालकाने दप्तरी वेतन 6,000 च दाखविले असेल, तर तीच रक्कम 6,23,940 वर येते. तेव्हा हजेरीपटावरील कमी आकडा ही कारकुनाची चूक आहे, असे भोळेपणाने समजू नका.

अंगठा दिला गेला असला तरी खचू नका. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. मर्यादित उचल वगळता परस्पर हातावर ठेवलेला पैसा भरपाई ठरत नाही. “तो आमचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस” हीही सबब. आपल्या धंद्याचेच काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालक जबाबदारीतून सुटत नाही. गटारातील मृत्यूसंबंधी तर सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी 30 लाख रुपये भरपाई ठरविली आहे. त्या गटारात कोण उतरविला जातो, हे तुम्हांस सांगावयास नको.

आपल्यातही दोष आहेत. घरी मोडलेला हात कारखान्यात मोडला असे सांगणारा आणि त्याला ते शिकवून वाटा मागणारा दलाल, हे दोघे पुढच्या खऱ्या जखमीवर संशय आणतात. त्यांनाही पाठीशी घालू नका.

तक्रार लेखी करा. पोलिसांकडील खबर, पंचनामा व शवचिकित्सेचा अहवाल यांच्या प्रती घ्या. वेतनचिठ्ठी, पासबुक, सोबत्यांची साक्ष जपून ठेवा. दावा दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे. त्यासाठी जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करावी. जेथे राज्य विमा योजना लागू आहे, तेथे विमा महामंडळाकडे जावे. वेतनातून वर्गणी कापून ती न भरणाऱ्या मालकाची तक्रारही तेथेच होते. वकिलाच्या फीची चिंता नको. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना व अनुसूचित जातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो, आणि 1990 च्या दुरुस्तीपासून धर्मांतरित बौद्धही त्या जातींत मोडतात.

अर्जाची पोच मागा. कारकून पोच देण्यास कुरकुर करील, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती घरी ठेवा.