कुत्रा आणि शेजारधर्म

नागपूरच्या सक्करदरा भागात आज घराला घर लागून दाट वस्ती झाली आहे. अशा वस्तीत एका घरची हौस दुसऱ्या घरचा त्रास होण्यास वेळ लागत नाही. रात्री एखाद्या गच्चीवर बांधलेला कुत्रा भुंकू लागला की, आसपासच्या चार घरांची झोपमोड होते. कोठे परीक्षेचा अभ्यास चालू असतो. कोठे एखाद्या आजाऱ्याचा नुकताच डोळा लागलेला असतो. मग कोणी शिव्या देतो, तर कोणी दगड भिरकावतो. माझ्या मते, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

भुंकणे ही कुत्र्याची भाषा आहे. अनोळखी पावले वाजली म्हणजे तो भुंकतो, ते आपले कर्तव्य म्हणून. आणि धनी जवळ आला की बहुधा शांत होतो. परंतु जो कुत्रा तासन् तास भुंकत राहतो, त्याला काहीतरी सांगावयाचे असते. पाण्याचे भांडे कोरडे पडलेले असते, किंवा दिवसभर साखळीला जखडून राहिल्यामुळे तो कंटाळलेला असतो, किंवा एकटेपणाने भ्यालेला असतो.

“कुत्राच तो, भुंकणारच!” असे त्याचा धनी म्हणतो. हे उत्तर मला पटत नाही. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्याची हयगय करणे, हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने अपराध ठरविला आहे. तसेच ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे. एक कायदा प्राण्याची काळजी वाहतो, तर दुसरा माणसाच्या विश्रांतीची. दोहोंचा मार्ग मात्र एकच आहे. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवावे, वेळेवर अन्नपाणी द्यावे, वैदर्भीय उन्हाळ्यात सावलीत ठेवावे आणि रात्री घरात घ्यावे.

“मग घराची राखण कोण करील?” असा प्रश्न कोणी विचारील. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. जो कुत्रा रात्रभर उगाच भुंकतो, त्याच्या भुंकण्याने खरा चोर आला तरी कोण उठणार? तृप्त आणि शांत कुत्राच उत्तम राखणदार होय.

मुलांनो, कुत्र्याचे पिलू कोणाला आवडत नाही? परंतु ते घरी आणण्याचा हट्ट धरण्यापूर्वी, रोज पहाटे उठून त्याला फिरविण्याची आपली तयारी आहे काय, हे स्वतःस विचारा. आणि शेजारचा कुत्रा भुंकत असेल, तर दगड उचलू नका. वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन त्याच्या धन्याशी गोडीने बोला. कुत्र्याला स्वतःची तक्रार शब्दांत मांडता येत नाही. ती त्याच्या वतीने आपणच मांडली पाहिजे. त्यात त्याचेही हित आहे आणि आपलेही.