प्रश्न तेच, पावणे नवे

सिनेमातला संवाद म्हटलं की आपल्याला आठवतं ते टाळीचं वाक्य. हिरोनं मान वळवायची, एक फेकायचं आणि खालून शिट्ट्या. या हिशेबानं जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'मध्ये सांगण्याजोगा एकही संवाद नाही. तरी अलीकडच्या मराठी सिनेमात बोलण्याला एवढी धार दुसरीकडं क्वचितच सापडेल.

गोष्ट घडते चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या गावात. कलाकारही त्याच भागातले, नट म्हणून नाव नसलेले. नायिका सविताला शिकून स्पर्धा परीक्षा द्यायचीय. बापाला तिचं लग्न उरकायचंय, पण हुंड्याचा सगळा हिशेब कापसाच्या भावावर अडलाय. मुलगी बघायला पावणे येतात, पुरुषांच्या घोळक्यासमोर सविता स्टुलावर बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद कोणता, शेतातलं काम जमतं का? पावणे उठून जातात. पुढच्या वेळी नवे पावणे, प्रश्न तेच. लेखकानं प्रश्न बदलले असते तर प्रसंग रंगले असते. बदलले नाहीत म्हणून ते अंगावर येतात.

सुरुवातीलाच सविताला स्वप्न पडतं. त्यात बायका ऐटीत बसल्यात आणि मुलाची चौकशी चाललीय. आपण खळखळून हसतो. पुढं हीच चौकशी सविताची होते, तेव्हा ते हसणं आपल्याच घशात अडकतं. कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला स्त्री सक्षमीकरण शिकवलं जातं आणि घरी स्टूल तयार असतं. यावर कुणी भाष्य करत नाही, रडून भाषण देत नाही. संवाद लिहिणाऱ्याचा हा संयम मला फार मोठा वाटतो.

टोरांटोच्या महोत्सवात 2023 साली या सिनेमाला नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडं तो लागला 7 मार्च 2025ला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी.

बीडमध्ये तो पाहताना एक आकडा डोक्यातून जात नाही. 2011च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या 807, राज्यात सर्वांत कमी. त्यातल्या थोरल्या मुली आता लग्नाच्या वयाला आल्यात. मुली कमी म्हणजे त्यांच्या शब्दाला वजन येईल, असा भाबडा हिशेब काहीजण मांडतात. पण आपल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात मुकादमाची आगाऊ उचल ठरते कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. तिथं टोळी निघायच्या आत लग्न लावायची घाई असते. पोरीला छंद विचारायला कुणाला सवड आहे?

म्हणून केज, अंबाजोगाई, माजलगावच्या कॉलेजांना एक सांगणं आहे. महिला दिनाला मुलींना हॉलमध्ये बसवून 'स्थळ' दाखवू नका. त्यांना ते प्रश्न तोंडपाठ आहेत. पोरांना दाखवा. जमलं तर त्यांच्या मामा-काकांनाही बोलवा, आणि पहिल्या रांगेत बसवा.

– तंबूवाला